तीन खुणांचे कपाट

रविवार, २ फेब्रुवारी

माझ्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत गेल्या महिन्यात भाड्याने राहायला आलेले नवरा-बायको आज उपासनेला बारा मिनिटे उशिरा आले. उशिरा येणाऱ्याने निदान मागे बसावे. हे दोघे थेट पुढे, माझ्या मागच्या बाकावर, आणि बसताना त्याच्या खिशातून पाना खाली पडला. पाना! पाळकसाहेबांचे वाक्य अर्ध्यावर राहिले. तो लिफ्ट दुरुस्त करतो हे मला ठाऊक आहे, पण आमच्या चर्चला लिफ्ट नाही.

शेवटी पाळकसाहेबांनी जाहीर केले की चाकांच्या खुर्चीवरून येणाऱ्यांसाठी बाजूच्या दाराला उतार बांधायचा आहे, आणि त्यासाठी बाजूची खोली पंधरा मार्चला पाडणार. त्या खोलीत माझे कपाट आहे. कपाट चर्चचे, किल्ली एकतीस वर्षे माझी. उपासनेला आलेली माणसे जे जे विसरून जातात ते त्यात जाते आणि नोंदवहीत लिहिले जाते: क्रमांक, तारीख, कोणता बाक, वस्तू, मालक. शाळेत भूगोल शिकवत होते तेव्हाही हजेरीपट माझाच नीट असे. नोकरी सुटली, सवय सुटली नाही.

"पंधरा तारखेपर्यंत ज्याचं त्याला गेलं तर उत्तम. उरलेलं भंगारात," पाळकसाहेब म्हणाले. "बाईंना मदत कोण करील?"

एवढ्या मंडळीतून दोन हात वर झाले. दोन्ही माझ्या मागच्या बाकावरचे.

स्वयंसेवकांच्या यादीत त्यांची नावे घालताना मी नियम सांगितला: उपासनेला तीनदा उशीर, की नाव बाद. आजची एक फुली धरून.

"बाई, यादीत यायच्या आधीच फुली?" तो म्हणाला.

"उशीर आधी झाला, यादी नंतर. क्रम बरोबर आहे."

त्याच्या बायकोने तोंडावर रुमाल दाबून धरला. सर्दी असावी.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

दोघांना कपाट उघडून दाखवले. एकशे त्रेचाळीस वस्तू. ती चष्म्याच्या दुकानात काम करते, काचा तपासते, फ्रेमी वाकवून नीट बसवते. मनात मी तिला चष्मेवाली आणि त्याला लिफ्टवाला म्हणते. समोर अर्थातच नाही.

कपाटाची पद्धत समजावली. वस्तू मागायला कोणी आला की दार उघडण्याआधी त्याने तीन खुणा सांगायच्या. आणि मालकाने स्वतः यायचे. आपण कोणाच्या दारी वस्तू घेऊन जायचे नाही.

"गेल्या वर्षी किती वस्तू गेल्या, बाई?" तिने विचारले.

"एक. पेन."

"पेनाच्या कसल्या तीन खुणा?"

"निळे, टोपण नाही, मागचे टोक चावलेले."

"म्हणजे एकशे त्रेचाळीस माणसांपैकी कोणी येणार नाही," तो म्हणाला. "आपल्यालाच जावं लागेल."

मला हे पसंत नाही. पण तारीख डोक्यावर आहे, म्हणून या वेळेपुरती परवानगी दिली. एका अटीवर: खुणा विचारल्याशिवाय वस्तू हातातून सोडायची नाही.

मग दोघे कपाटावर असे तुटून पडले की जशी काही जत्राच. तिला कवळी सापडली आणि ती किंचाळली. त्याला काठी सापडली आणि तो विचारात पडला. "बाई, हा माणूस काठी विसरला. मग घरी कसा गेला?"

चौदा वर्षे ती काठी माझ्या ताब्यात आहे. हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

"चमत्कार झाला असेल," तो म्हणाला.

"चमत्कारांची नोंद पाळकसाहेबांकडे असते. माझ्याकडे फक्त काठीची आहे."

सगळ्यात खालच्या कप्प्यात त्याला नादकाटा मिळाला. गाणारी मंडळी सुरुवातीचा सूर धरायला वापरतात तो, दोन शिंगांचा, पोलादी. त्याने तो गुडघ्यावर आपटला आणि बायकोच्या कानाशी धरला. "ऐक गं, अजून लागतोय."

मी त्याच्या हातातून तो घेतला आणि परत ठेवला. "ते राहू दे. मालक अज्ञात आहे."

"मग शोधू की!"

"आधी कवळीचा शोधा."

शनिवार, ८ फेब्रुवारी

पहिली मोहीम फसली. काळी छत्री घेऊन दोघे मंडळीतल्या सहा घरी गेले, छत्री पुढे केली आणि विचारले, ही तुमची का? सहापैकी चौघांची निघाली.

"आता छत्री दाखवल्यावर माणूस नाही कसा म्हणेल?" मी म्हटले. "छत्री घरी ठेवायची. आधी विचारायचे, तुमचे चर्चमध्ये कधी काही राहिले होते का. मग गप्प बसायचे."

"किती वेळ?" लिफ्टवाल्याने विचारले.

"तो बोलेपर्यंत."

"याला नाही जमणार," चष्मेवाली म्हणाली. "हा लिफ्टशीपण बोलतो."

"तुला कोणी सांगितलं?"

"तूच झोपेत. 'उतर बाई, उतर आता खाली.' मला वाटलं मलाच."

मी चहा ठेवायला आत गेले. या वयात असले काही समोर बसून ऐकायची सवय राहिलेली नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

पुन्हा उशीर. सात मिनिटे. दुसरी फुली. त्याच्या बाहीला ग्रीस होते.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

मान्य करावे लागेल की मुलगी हुशार आहे. कपाटातले अकरा चष्मे ती दुकानात घेऊन गेली, यंत्रावर काचांचे नंबर काढले आणि दुकानातल्या जुन्या कार्डांशी जुळवले. कोणाच्या दारी न जाता सात मालक कळले. तीन खुणांपेक्षाही पक्की पद्धत. मी तसे बोलून दाखवले नाही.

निवृत्त पोस्टमनचा चष्मा नऊ वर्षांनी परत गेला. त्यांनी तो लावला, खोलीभर पाहिले आणि म्हणाले, "याच्यातून मला दिसायचं? मग लोकांची पत्रं कुठं गेली असतील?"

काठीचाही उलगडा झाला. ती एका शिंप्याची. दोघे त्याच्या घरी गेले तेव्हा तिन्ही खुणा त्याने धडाधड सांगितल्या. लिफ्टवाल्याने न राहवून विचारलेच, काठीशिवाय घरी कसे गेलात? शिंपी म्हणाला, "त्या दिवशी पायऱ्या उतरताना एका बाईनं हात दिला. तो अजून सोडलेला नाही." आतून त्याची बायको ओरडली, "काठी आणलीय तर इकडे द्या, फार दिवस गरज होती!"

दोघे हे मला जिन्यातच उभे राहून सांगत होते, एकमेकांचे वाक्य तोडत. मी त्यांना आत बोलावले. उभ्याने नीट ऐकू येत नाही.

जाताना चष्मेवालीने नोंदवही उघडली. "बाई, हा नादकाटा. इथं लिहिलंय, पहिला बाक, डावं टोक. ती तर तुमची जागा ना?"

"हो."

"आणि मागच्या पानावर नियम आहे, मालकाने स्वतः येऊन न्यावे. त्याची तारीख नादकाट्यानंतर नऊ दिवसांची आहे. त्याच्या आधीच्या वस्तूंपुढं तुम्ही लिहिलंय, 'घरी नेऊन दिली', 'घरी नेऊन दिली', 'घरी नेऊन दिली'."

मी म्हटले, नियम कधीतरी करावाच लागतो. तो ज्या दिवशी केला त्या दिवसाची तारीख पडते.

"हो, ते आहेच," ती म्हणाली आणि वही मिटली.

सोमवार, १७ फेब्रुवारी

काल दोघे चक्क चार मिनिटे आधी आले, धापा टाकत.

आज त्यांनी सोफा वर नेला. जिन्यात अडकला, म्हणून त्याने लिफ्टचे दोर आणि कप्पी आणून तो गॅलरीतून ओढून घेतला. ती खाली उभी राहून "डावीकडे! तुझी डावी नाही, माझी डावी!" असे ओरडत होती आणि अर्धी गल्ली वर तोंड करून उभी होती. शेवटी मी बाहेर आले आणि दिशा सांगितल्या. पूर्व, पश्चिम. दोन मिनिटांत सोफा आत.

मग सोफ्यावर बसण्याचा मान मला दिला. तिने विचारले, तुमच्या मागेपुढे कोणी आहे का? मी म्हटले, बरीच वर्षे कोणी नाही. तो बोलणार होता, तिने त्याच्या पायावर पाय ठेवला. हा पोरकटपणा मला दिसला, कारण नव्या सोफ्यासमोर अजून टेबल नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी

त्यांच्या लग्नाला आज एक वर्ष झाले. त्यानिमित्ताने दोघे कवळी परत करायला गेले. मी म्हटले, आजचा दिवस तरी कुठे फिरायला जा. तर म्हणे हेच फिरणे. कवळी एका बेकरीवाल्या आजोबांची निघाली. त्यांनी ती न धुता घातली. हे सांगताना चष्मेवाली डोळे मिटून घेत होती आणि तो प्रत्यक्ष करून दाखवत होता.

मग त्याने पुलापलीकडची एक गोष्ट सांगितली. तिथल्या एका सहा मजली इमारतीत त्याने परवा लिफ्टची धोक्याची घंटा तपासायला वाजवली. ही घंटा म्हणजे कानठळ्या. सहाव्या मजल्यावरची सगळी दारे उघडली, माणसे बाहेर आली, त्याला शिव्या देऊन गेली. एकच दार बंद. घंटा त्या दाराच्या अगदी शेजारी. त्याला वाटले घर रिकामे आहे. इतक्यात दार उघडून एक बाई शांतपणे कचऱ्याची बादली घेऊन बाहेर आल्या, त्याला पाहून हसल्या आणि आत गेल्या. घंटा तेव्हा चालूच होती.

"काही माणसांना उगीच बाहेर येऊन बघण्याची सवय नसते," मी म्हटले. "चांगली गोष्ट आहे."

रविवार, २३ फेब्रुवारी

वीस मिनिटे उशीर. तिसरी फुली.

उपासनेनंतर मी दोघांची नावे यादीतून काढली आणि तसे त्यांना सांगितले. नियम सगळ्यांना सारखा. लिफ्टवाल्याने मान डोलावली. "म्हणजे आता आम्ही यादीत नाही?"

"नाही."

"मग उशिराचा नियमही आम्हाला नाही."

"...नाही."

"झकास. मग उद्या पाच वाजता कपाटापाशी भेटू, बाई. एकोणतीस वस्तू राहिल्यात."

पाळकसाहेब हे ऐकत होते. त्यांनी बायबल चेहऱ्यापुढे धरले. या चर्चमध्ये सर्दीची साथ आहे.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

तेवीस राहिल्या.

आज चष्मेवाली पाळकसाहेबांच्या खोलीतला गायनसंघाचा जुना फोटो भिंतीवरून काढून घेऊन आली. मधे उभी असलेली बाई, वय चाळीसच्या आसपास, हात उंच धरलेला, हातात नादकाटा.

"ही कोण, बाई?"

"तेव्हाची गायनसंघाची प्रमुख. सोडून गेली."

"हिचं नाक अगदी तुमच्यासारखं आहे," लिफ्टवाला म्हणाला.

"नाके बऱ्याच जणांना असतात."

तो फोटो डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहत राहिला. मग बायकोकडे पाहिले. मग दोघे निघून गेले, आणि जिन्यावर कुजबुज चालली होती. मी दार लावून घेतले.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

या वहीत खोटे लिहिण्यात अर्थ नाही. ही काही नोंदवही नव्हे.

मालक अज्ञात नाही. ती माझी धाकटी बहीण. चोवीस वर्षांपूर्वी ती गायनसंघाची प्रमुख होती आणि स्वयंसेवकांची यादी माझ्याकडे होती. ती लागोपाठ तीन रविवार उशिरा आली. ऑर्गन सुरू झाल्यावर, सगळ्यांच्या देखत, मागच्या दाराने. पहिल्या दोन वेळा मी काही बोलले नाही, फुली केली. तिसऱ्या रविवारी उपासना संपल्यावर सगळ्या संघासमोर तिचे नाव यादीतून काढले. सख्खी बहीण म्हणून सवलत दिली असती तर उद्या दुसऱ्यांना कोणत्या तोंडाने सांगणार होते? ती माझ्याकडे नुसती पाहत राहिली. पुढच्या रविवारी मी आले तेव्हा माझ्या जागेवर नादकाटा होता. ती नव्हती. पुन्हा कधी आली नाही. नंतर पुलापलीकडे राहायला गेल्याचे कळले. तिचा नवरा गेला तेव्हा मी पत्र पाठवले. उत्तरादाखल दोन ओळी आल्या.

विसरलेली वस्तू न्यायला माणूस येतोच, असे मला वाटले होते. म्हणून मी ती नीट ठेवली. मालकाने स्वतः यावे, हा नियम केला तो सोयीसाठी. घरोघर फिरण्यात वेळ जात होता.

एवढेच.

मंगळवार, ४ मार्च

अकरा राहिल्या. तीन हातमोजे तिघांचे, असे धरले तर.

लिफ्टवाला दोन दिवस वर-खाली करतो आहे, मला पाहिले की थांबतो, आणि पुढे जातो. आज मीच विचारले, काय ते बोल.

"बाई, त्या फोटोतल्या बाई म्हणजे घंटावाल्या बाई. सहावा मजला. कचऱ्याची बादली."

मी जिन्याचा कठडा धरला. कठड्यावर धूळ होती, ती पुसायची राहिली होती.

"जाऊन विचारू का? तीन खुणा?"

मी म्हटले, तुम्ही यादीत नाही. तुम्हाला परवानगी देणारी मी कोण?

"म्हणजे जाऊ," तो बायकोला म्हणाला.

शनिवार, ८ मार्च

दोघे जाऊन आले. मी दुपारपासून खिडकीशी बसले होते, रस्त्यावर कसले तरी खोदकाम चालले होते ते पाहत.

बहिणीने ओळख दिली, चहा केला, त्यांचे कसे चालले आहे ते विचारले. घर छोटे आहे, स्वच्छ आहे. रेडिओ फार मोठा लावते म्हणे. लहानपणी मी तिला यावरून किती बोलले आहे! आणि दाराची घंटा दाबली की आत दिवा लागतो. तसली काही तरी नवी फॅशन. लिफ्टवाल्याला त्याचे फार कौतुक. बटण काढून आतली तार बघून आला.

चष्मेवालीने एक चिठ्ठी माझ्या हातात दिली. बहिणीचेच अक्षर, अजूनही डावीकडे कललेले:

"१. दांड्याला लाल दोरा. २. एका शिंगाच्या टोकाला खळगा, मी लहान असताना दगडावर आपटून बघितला होता. ३. तिसरी खूण ज्यांनी वहीत नोंद केली त्यांनाच सांगेन."

"लिहून कशाला दिले?" मी विचारले. "तोंडाने सांगायला काय झाले होते?"

"प्रश्नही आम्ही लिहूनच विचारला," चष्मेवाली म्हणाली.

"का?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. "तसं बरं पडलं," ती म्हणाली.

"नाटके. पहिल्यापासून नाटकी."

"बाई," चष्मेवाली म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज चढला, "तुम्ही जा. आम्ही अजून काही सांगणार नाही. ते त्यांचं आहे."

मला भाडेकरूंनी असे बोललेले चालत नाही. ती वर गेल्यावर मी चिठ्ठी पुन्हा वाचली. आपटल्याचे मला आठवते. वडिलांनी तिला मारू नये म्हणून मी सांगितले होते की तो माझ्या हातून पडला.

दोनच खुणा. नियमाप्रमाणे वस्तू देता येत नाही.

रविवार, ९ मार्च

दोघे आज नऊ मिनिटे उशिरा आले. फुली करायला यादीत नाव नाही. हात मात्र वहीकडे गेला.

उपासनेनंतर चार वस्तू उरल्या होत्या, त्या बांधत होतो. माझ्या तोंडून निघून गेले, "तुम्हाला दर रविवारी उशीर का होतो?"

लिफ्टवाला दोर गुंडाळायचा थांबला. "अहो, रविवारची तातडीची पाळी माझी असते. सकाळी माणसं लिफ्टमध्ये अडकतात. नटूनथटून निघालेली, एका लिफ्टमध्ये आठ-आठ. आज एका आजींना काढलं, त्या म्हणाल्या आधी नाश्ता करून जा."

"आणि मी याच्याशिवाय येत नाही," चष्मेवाली म्हणाली. "एकटी आले तर हा येणारच नाही."

"ए, येईन हं."

"पाना घेऊन."

"हे आधी का सांगितले नाहीत?" मी विचारले. "तातडीच्या कामाला सवलत आहे. नियम चौथा, पोटनियम दोन. फुली लागलीच नसती."

त्याने दोराचा शेवटचा वेढा घातला. मग तो अगदी सहज म्हणाला, "तुम्ही कारण विचारलं नव्हतं, बाई. फुली केली होती."

मी गाठ मारली. चुकीची बसली, सोडून पुन्हा मारली.

घरी येऊन जुन्या याद्या काढल्या. एकतीस वर्षांच्या. उशिराच्या रकान्यात फुल्या आहेत. कारणाचा रकाना मी आखलेलाच नाही.

गुरुवार, १३ मार्च

कपाटात एकच वस्तू उरली आहे. परवा सकाळी मजूर येणार.

पाळकसाहेब आले होते. म्हणाले, ती एक वस्तू मी माझ्या टेबलाच्या खणात ठेवतो, भंगारात नको जायला. चांगला माणूस आहे. मी नको म्हटले. एका वस्तूसाठी अपवाद केला की पुढे सगळ्यांना करावा लागतो.

दुपारी पुलापलीकडे जाणाऱ्या बसचे थांबे मोजले. चौदा. सहज, माहिती असावी म्हणून.

शनिवार, १५ मार्च

काल लिहायचे राहून गेले, म्हणून आज लिहिते.

काल सकाळी नादकाटा पिशवीत घातला, नोंदवही घेतली आणि निघाले. जिन्यात लिफ्टवाला भेटला. कुठे म्हणून विचारले नाही. "त्या इमारतीतली लिफ्ट चालू आहे, बाई," एवढेच म्हणाला. "मी बघून आलोय."

सहावा मजला. घंटा दाबली. आवाज मला ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा दाबली, मग तिसऱ्यांदा. दार उघडले. ती बारीक झाली आहे. केस पांढरे, कापलेले. तिने मला पाहिले, माझ्या हातातल्या वहीकडे पाहिले आणि म्हणाली, "वही आणलीस!" आणि हसायला लागली. मला हसू आले नाही. दरवाजात उभे राहून हसणे बरे दिसत नाही.

आत एक गोल टेबल, दोन खुर्च्या. ती बसली, मी जवळच्या खुर्चीवर, तिच्या डाव्या हाताला बसले. पिशवी मांडीवर ठेवली. वही उघडली.

"तिसरी खूण," मी म्हटले.

ती माझ्या ओठांकडे पाहत होती. "तिसरी खूण ही, की तो हरवलाच नव्हता. पहिल्या बाकावर, डाव्या टोकाला, बरोबर तुझ्या बसायच्या जागी ठेवला होता. म्हटलं, ताई कोणाची वस्तू कधी ठेवून घेत नाही. घरी नेऊन देते. येईल." ती टेबलावर टेकलेल्या आपल्या बोटाकडे बघत होती. "आठ दिवस बाहेर कुठं गेले नाही गं मी. भाजीलासुद्धा नाही."

मी नादकाटा टेबलावर ठेवला. तिने तो उचलला, कोपरावर आपटला, आणि त्याचा दांडा उजव्या कानामागच्या हाडावर टेकवून डोळे मिटले.

"असा टेकवला की येतो," ती म्हणाली. "नुसता कानाशी धरून नाही येत. डावा तर तेव्हाच गेला. संघात होते तेव्हाच. आता उजव्यालाही फार नाही राहिलं."

"तेव्हा म्हणजे कधी?"

ती सांगत गेली. त्या वर्षी डावा कान गेला, उजवाही मधूनच दगा द्यायचा, आणि सूर तिला ऐकू येईनासा झाला. सुरुवातीचा सूर तिलाच द्यायचा असे, आणि एकदा चुकला तर सगळ्यांना कळले असते. म्हणून ती लवकर यायची, माझ्याही आधी, आणि चर्चच्या मागच्या पायऱ्यांवर बसून राहायची. दगडी भिंतीतून ऑर्गनचा हादरा पाठीला जाणवला की उठायची आणि आत यायची. मग सूर कोणी मागत नसे. औषध चालू होते, दोन महिन्यांत बरे वाटेल असे डॉक्टर म्हणत होते. तिसऱ्या रविवारी मी सगळ्यांसमोर काय काय बोलले ते तिला नीट कळलेही नव्हते. मी फार चिडले आहे, एवढे तोंडावरून समजले.

म्हणजे ती एकदाही उशिरा आली नव्हती.

मी वहीकडे पाहिले. वहीत त्यासाठी जागा नव्हती. मी वही मिटली आणि तिला म्हणाले. तीनच शब्द होते, पण मला ते म्हणायची सवय नाही आणि आवाज खाली राहिला, मानही.

"काय?" ती म्हणाली.

मी पुन्हा म्हणाले.

तिने मान हलवली आणि डाव्या कानावर हात ठेवला. "या बाजूनं नाही गं, ताई."

खुर्ची जड होती, जुन्या लाकडाची. मी उठले, ती उचलली, टेबलाला वळसा घालून तिच्या उजव्या हाताला नेऊन ठेवली, बसले, आणि तेच तीन शब्द मोठ्याने म्हणाले. इतक्या मोठ्याने, की शेजारच्यांचे दार उघडल्याचा आवाज आला.